माया गावाची, निगा कोणाची?

मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भोसे नावाचे गाव आहे. तिथल्या यल्लम्मा देवीच्या देवळाजवळचा वड चारशे वर्षांचा असल्याचे सांगितले जाई. २०२० च्या जुलैमध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो तोडला जाणार हे कळले आणि टाळेबंदीच्या त्या दिवसांतही गावकरी व पर्यावरण कार्यकर्ते त्याच्यासाठी उभे राहिले. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिले, आराखडा बदलला आणि वडाला बगल देऊन रस्ता न्यायचे ठरले. ही हकिगत महाराष्ट्रात कौतुकाने सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, तोच वड वादळी पावसात उन्मळून पडला. म्हातारे झाड पडण्यात नवल नाही आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्याचेही कारण नाही. पण ते वाचवण्यात गावाच्या मायेने जेवढे काम केले, तेवढे काम तिला नंतर देता आले असते का, हा प्रश्न उरतोच. वाचलेल्या झाडाची मुळे कोणी पाहायची, एका अंगाला झुकलेला भार कोणी हलका करायचा, पारंब्यांना बांबूचा आधार देऊन त्या जमिनीपर्यंत कोणी न्यायच्या, हे ठरवणारी काही व्यवस्था आपल्याकडे नाही. झाड तोडायचे की नाही, एवढ्यावरच आपला सगळा वाद सुरू होतो आणि तिथेच संपतो.

एखाद्या झाडाचे काय करावे याबद्दल लोकांचे मत वनस्पतिशास्त्रावरून किंवा कर्बवायूच्या हिशेबावरून क्वचितच ठरते. ते झाड ज्या जागेत उभे आहे, त्या जागेशी माणसाचे काय नाते आहे यावरून ते ठरते. पर्यावरण-मानसशास्त्राचे अभ्यासक या नात्याचे ढोबळमानाने दोन पदर सांगतात. एक ओळखीचा: ही जागा म्हणजे आम्ही. दुसरा गरजेचा: या जागेवाचून आमचे अडते. चिंचेखाली हातगाडी लावणाऱ्याचे नाते बहुतेक दुसऱ्या पदराचे असते आणि त्याच रस्त्यावर तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाचे पहिल्या. दोघांनाही चिंच हवी असते, पण फांद्या छाटायच्या म्हटले की दोघांची मते वेगळी पडतात. महापालिकेच्या उद्यान विभागाला मात्र दोघेही सारखेच दिसतात, हरकत घेणारे किंवा न घेणारे. या नात्याला अडथळा समजणे चूक आहे, तसेच त्याला नुसती भावना म्हणून गोंजारणेही चूक आहे. ती कामाला लावण्याजोगी ताकद आहे आणि आपण तिला हरकतीच्या अर्जापलीकडे दुसरे काही कामच दिलेले नाही.

नाशिकच्या तपोवनातला वाद पाहा. २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचे म्हणून तिथली सतराशे-अठराशे झाडे काढण्याची नोटीस २०२५ च्या नोव्हेंबरात निघाली आणि शहर पेटून उठले. प्रशासनाचा युक्तिवाद कागदावर अगदीच पोकळ नव्हता. यातली बरीच झाडे अलीकडची आहेत, जुने वृक्ष तोडणार नाही, आणि बदल्यात आंध्र प्रदेशातील रोपवाटिकांतून मोठी रोपे आणून कितीतरी जास्त झाडे लावू, असे सांगितले गेले. नाशिककर त्यावर बधले नाहीत. प्रशासन झाडांबद्दल बोलत होते आणि लोक तपोवनाबद्दल. राम-सीतेच्या वनवासाशी जोडलेली, गोदेकाठची, शहराच्या कडेला उरलेली ती जागा तिच्या झाडांसकट एक आहे. त्यातले झाड दहा वर्षांचे आहे की शंभर, याने तिथल्या माणसाच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. गंमत अशी की झाडे तोडण्याचे कारणही श्रद्धेचेच होते. कुंभ आणि तपोवन ही एकाच परंपरेची दोन अंगे, तरी नाशिकच्या रहिवाशांनी त्यातून जागेची बाजू निवडली. धर्म विरुद्ध पर्यावरण अशा ठरीव चौकटीत हा वाद बसवू पाहणाऱ्यांची पंचाईत झाली ती यामुळेच.

आपला कायदा मात्र जागेला ओळखत नाही, तो संख्येला ओळखतो. १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याची अट आली. पूर्वीपेक्षा ही सुधारणाच आहे. तरी तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे: झाड म्हणजे खात्यातली शिल्लक, एका शाखेतून काढून दुसरीत भरता येण्याजोगी. मुंबईच्या आरेतल्या मेट्रो कारशेडच्या बदल्यात हजारो रोपे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत लावली गेली. ती सगळी जगली असे मानले तरी आरेतल्या पाड्यांवर राहणाऱ्या वारलींच्या दाराशी सावली परत येत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या त्याच रात्री करवती सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाचा मनाई आदेश येईपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. त्या रात्रीने सरकारचे जे नुकसान केले, ते झाडांच्या आकड्यात मोजता येत नाही. कायद्याने परवानगी होती तर रात्री का, हा प्रश्न ज्यांचा आरेशी काही संबंध नव्हता त्यांनीही विचारला.

याच चुकीची महागडी आवृत्ती इंग्लंडमधील शेफील्ड शहराने काढली. २०१२ मध्ये तिथल्या नगरपालिकेने रस्त्यांच्या देखभालीचे पंचवीस वर्षांचे कंत्राट एका खासगी कंपनीला दिले आणि रस्त्याकडेची झाडे पदपथ उचकटतात म्हणून ती बदलण्याचा सपाटा सुरू झाला. एक काढले की एक लावू, असा साधा-सरळ हिशेब होता. रहिवाशांनी तो मानला नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात पहाटेच्या अंधारात पोलीस बंदोबस्तात एका रस्त्यावर झाडे पाडली गेली, वयस्क स्त्रियांना अटक झाली आणि तोवर गल्लीपुरता असलेला वाद देशभर गेला. पाच हजारांवर झाडे गेल्यानंतर काम थांबले. नंतर झालेल्या स्वतंत्र चौकशीचा २०२३ मधील अहवाल नगरपालिकेच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढतो. मला यात सर्वांत शिकण्याजोगे वाटते ते पुढचे. विरोधक आणि अधिकारी मिळून एकेक झाड पाहायला निघाले, तेव्हा पाडायच्या यादीतली कित्येक झाडे कडेचा दगड थोडा तासून, पदपथाची आखणी थोडी बदलून राखता येतात असे आढळले. ज्यांचे त्या रस्त्यावर प्रेम होते, त्यांना तिथला प्रत्येक दगड माहीत होता. ही माहिती कंत्राटदाराच्या यादीत नव्हती.

उलट बाजूचा पुरावा अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा आहे आणि तो आपल्या वृक्षारोपणवाल्यांनी भिंतीवर लावावा असा आहे. २०११ ते २०१४ या काळात तिथे एका स्वयंसेवी संस्थेने घरांसमोर फुकट झाडे लावून देऊ केली. पात्र रहिवाशांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याने ‘आम्हाला नको’ असे कळवले. क्रिस्टीन कारमायकेल आणि मॉरीन मॅकडोना यांनी त्याची कारणे शोधली, तेव्हा नकार देणाऱ्यांना झाडांचे फायदे ठाऊक नव्हते असे निघाले नाही. ते चांगलेच ठाऊक होते. पण झाड कोणते, कुठे, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. पालापाचोळा आणि वाळक्या फांद्या निस्तरणे आपल्याच गळ्यात पडणार, हे त्यांनी आधीच्या अनुभवावरून ओळखले होते. शिवाय १९६७ च्या दंगलीनंतर पोलिसांना हेलिकॉप्टरमधून वस्ती दिसावी म्हणून शहराने जुनी झाडे तोडली, अशी आठवण काही कृष्णवर्णीय रहिवाशांच्या मनात होती. ती आठवण इतिहासाला धरून आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. एल्म झाडांवरच्या रोगानेही तिथली हजारो झाडे गेली होती. पण त्या लोकांचे आपल्या वस्तीशी नाते घट्ट होते म्हणूनच त्यांनी परक्याने आणून ठेवलेले रोप नाकारले. महाराष्ट्रात २०१९ मध्ये ३३ कोटी रोपे लावण्याची मोहीम झाली, आणि पुढे तिच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. किती रोपे जगली यावर भरपूर वाद झाला. ती कोणाच्या दारात, कोणाला विचारून लावली, हा प्रश्न त्या वादात जवळजवळ नव्हताच.

इथवर वाचून कोणाला वाटेल की रहिवाशांच्या प्रेमावर झाडे सोपवली की झाले. तसे नाही. जागेवरची माया झाडाला मारतेही. कोकणातल्या देवरायांमध्ये हे पुष्कळ ठिकाणी दिसते. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा देवाच्या धाकाने वाळकी काटकीही न उचलणारी गावे त्यांना भेटली. आता त्याच गावांतले चाकरमानी मुंबईत चार पैसे कमावून गावदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार करतात. कौलारू देऊळ जाते, स्लॅबचे येते, मग सभामंडप, मग गाड्या लावायला जागा, आणि राईतले जुने वृक्ष एकेक करून विकून त्याचा खर्च भागतो. देवीवरचे आणि गावावरचे प्रेम यात तिळभर कमी झालेले नसते. जागेची ओळख राईतून निघून देवळाच्या कळसात गेली, एवढेच. शहरात याचे रूप पुनर्विकास. रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षासाठी फलक धरणारी सोसायटी स्वतःच्या आवारातला आंबा वाढीव चटईक्षेत्राच्या आड आला की वेगळा सूर लावते. तेव्हा ओळखीच्या पदरावर गरजेचा पदर मात करतो. पुण्याच्या टेकड्यांवर तर प्रेमाचे दोन प्रकार एकमेकांसमोर उभे आहेत. रोज फिरायला येणारे बाटल्यांनी पाणी घालून रोपे जगवतात. गवताळ परिसंस्थेचे अभ्यासक त्यांना कळवळून सांगतात की बाबांनो, ही मुळात गवताची आणि खुरट्या काटेरी झाडोऱ्याची टेकडी, इथे दाट झाडी लावू नका, आणि वन विभागाने पूर्वी लावलेला गिरिपुष्प तर वाढूच देऊ नका. फिरणाऱ्याला हिरवी टेकडी हीच आपली टेकडी वाटते. त्याचे चुकते, पण पत्रक वाटून ते सुधारणार नाही.

आता आक्षेपांकडे येऊ. सर्वांत गंभीर आक्षेप माणसांच्या जिवाचा आहे. झाडे पडतात आणि माणसे मरतात; २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने एकट्या मुंबईत दोन हजारांवर झाडे पाडली. अशा वेळी छाटणीला आडवे येणाऱ्या भावनेला किती मान द्यायचा? आक्षेप खरा आहे, पण रहिवासी नेहमी छाटणीच्या आड येतात हे त्यातले गृहीतक तपासून पाहावे लागते. २०१७ च्या जुलैमध्ये चेंबूरला माड अंगावर कोसळून दूरदर्शनच्या एका माजी निवेदिकेचा मृत्यू झाला. तो माड धोकादायक वाटतो, तो काढू द्या, अशी मागणी रहिवाशांनीच काही महिने आधी केली होती, आणि पाहणीनंतर तो सुस्थितीत असल्याचे ठरून परवानगी नाकारली गेली होती. झाडाशेजारी राहणाऱ्याला त्याची ढोली, बुंध्यातून पडणारा भुसा, वाऱ्यात येणारा वेगळा आवाज हे कोणत्याही निरीक्षकाच्या आधी कळते. त्याचे अंदाज चुकतातही; म्हणून शेवटचा निर्णय जाणकाराचा असावा हे मान्य. पण जाणकार वर्षातून एकदा येतो, तेही आला तर. दरम्यान बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतले जाते, केबलसाठी मुळे कापली जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, त्यालाही आता दशक उलटले. आपल्या शहरांतले किती बुंधे आजही पेव्हर ब्लॉकच्या फासात आहेत हे पाहायला लांब जावे लागत नाही. वादळात झाड पडते तेव्हा दोष वाऱ्याला दिला जातो. मुळे कापणाऱ्या ठेकेदाराची नोंद कुठेच नसते.

दुसरा आक्षेप वर्गाचा आहे आणि मला तो अधिक अवघड वाटतो. झाडांसाठी आवाज उठवतात ते बहुधा इंग्रजी बोलणारे, वकील परवडणारे, मोठ्या सोसायट्यांतले लोक. मेट्रो लागते ती लोकलमध्ये लोंबकळणाऱ्यांना. मुंबईच्या मेट्रो-३ च्या दक्षिण टोकाला कफ परेड-चर्चगेटच्या रहिवाशांनी २०१७ मध्ये उच्च न्यायालय गाठले, तेव्हा हे बोलले गेलेच. त्यात तथ्य आहे. पण यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. प्रश्न आवाज उठवणाऱ्यांचा नाही, ज्यांना विचारलेच जात नाही त्यांचा आहे. झाडाच्या बुंध्याला नोटीस चिकटते, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून येते, हरकतींना मोजके दिवस मिळतात. त्या झाडाखाली इस्त्रीचे टेबल मांडणारा, चपला शिवणारा, रिक्षा थांबा करून बसलेले चालक, दुपारी डबा खाणाऱ्या सफाई कामगार बाया यांच्यापैकी किती जण ती नोटीस वाचून पालिकेच्या कार्यालयात लेखी हरकत देतील? मुंबईच्या मागच्या वृक्षगणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. जात, घेर, उंची, प्रकृती सगळे नोंदले. त्या झाडावर कोणाचा दिवस अवलंबून आहे, याला रकाना नव्हता. गरजेच्या नात्याची नोंद झाली तर झाडांचा प्रश्न श्रीमंतांचा छंद उरणार नाही. आणि कधी कधी तीच नोंद झाड काढण्याच्या बाजूनेही बोलेल, हेही मोकळेपणी मान्य करायला हवे. पत्र्याच्या झोपडीवर वाळकी फांदी लोंबत असेल तर त्या घराला सावलीपेक्षा करवत हवी असते.

प्रत्येक मोहल्ल्याला नकाराधिकार दिला तर शहरात काहीच उभे राहणार नाही, ही भीतीही बोलून दाखवली जाते. पण नकाराधिकार कोणी मागत नाही. आखणी पक्की होण्याआधी विचारले तर बहुतेक वाद जन्मालाच येत नाहीत. भोशात रस्ता आधीच थोडा बाजूने आखता आला असता. तो शेवटी थोडा बाजूनेच न्यायचे ठरले, फक्त आंदोलन, पत्रव्यवहार आणि दोन मंत्र्यांचा वेळ खर्ची पडल्यावर. याशिवाय लोकांना परदेशी झाडांचाच लळा असतो, अशीही काही वनस्पतिप्रेमींची तक्रार आहे, आणि तिच्यात दम आहे. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा. तरी मे महिन्यातला लाल रस्ता ही कित्येकांच्या गावाची खूण आहे. असा गुलमोहर परका म्हणून एका रात्रीत काढणे आणि कारशेडसाठी झाड काढणे, रहिवाशाच्या दृष्टीने यात फरक नाही. त्याच्या शेजारी आजच करंज, बहावा, ताम्हण लावून, तो म्हातारा होईपर्यंत यांना वाढू देणे, हा उपाय संथ आहे आणि तोच टिकतो.

मायेला जबाबदारीशी बांधण्याची रीत आपल्याकडे होती. देवराईतले लाकूड हवे तर देवाला कौल लावावा लागे, मानकरी आणि गावकार बसत, कशासाठी आणि किती हे ठरे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची गरज नाही. त्या बैठकीत बायका नसत, खालच्या मानलेल्या जातींना आवाज नसे, आणि देवाचा कौल पुष्कळदा मानकऱ्याच्या सोयीचाच पडे. पण तिच्यात एक गोष्ट बरोबर होती: झाडावर हक्क सांगणाऱ्यालाच त्याची निगा राखावी आणि झीज सोसावी लागे. आजच्या व्यवस्थेत हक्क सांगणारा एक, निगा राखणारा दुसरा आणि तोडणारा ठेकेदार तिसरा.

मुंबई महापालिकेत मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे लोकनियुक्त सभागृह नव्हते. राज्यातल्या इतर बऱ्याच महापालिकांतही कमी-अधिक काळ प्रशासकच कारभारी होते. झाडांबाबतचे निर्णय त्या काळात मुख्यतः अधिकाऱ्यांच्या हाती राहिले. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर नगरसेवक पुन्हा आले आहेत. त्यांना करता येण्याजोगी कामे फार मोठी नाहीत. धोकादायक ठरवलेल्या झाडांची प्रभागवार यादी कारणासकट पावसाळ्याच्या दोन महिने आधी जाहीर करावी, आणि ठेकेदाराचा टेम्पो येण्यापूर्वी त्या रस्त्यावरच्या रहिवाशांबरोबर, फेरीवाल्यांबरोबर आणि एका झाडतज्ज्ञाबरोबर ती चालत चालत तपासावी. ज्या वस्तीने झाड राखण्याचा आग्रह धरला, तिच्याशी त्याच्या आळ्याचा, पाण्याचा आणि वेळेवर तक्रार नोंदवण्याचा लेखी करार करावा. खर्च पालिकेचा, नजर वस्तीची. बदली झाड शक्यतो त्याच रस्त्यावर लावावे, आणि तिथे जागा नसेल तर कुठे लावायचे हे वस्तीला विचारून ठरवावे. यातल्या पहिल्या कामासाठी, म्हणजे यादीसाठी, लागणारी माहिती उद्यान विभागाकडे दर एप्रिलमध्ये असतेच. ती ठेकेदाराला दिली जाते, रहिवाशांना नाही.